टाकीकडच्या टोकाचा ठिपका

मोजायच्या टेपचा पहिला मीटर कुत्र्यानं खाल्ला, तिथून सगळं सुरू झालं. कुत्र्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं खाल्लं ते पचवलं. बाकीच्यांना ते जमलं नाही.

टेप पेंटरची होती. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, आणि वर हौस म्हणून क्लबच्या फुटबॉल मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा. नवीन टेप आणा, असं बायको येता-जाता म्हणायची. त्याचं उत्तर ठरलेलं. "अगं, एक मीटर गेला म्हणून काय झालं? उरलेले एकोणतीस ठणठणीत आहेत." आता टेप एक या आकड्यापासून सुरू व्हायची, त्यामुळे अकरा मीटर हवे असतील तर बारावर बघायचं, एवढंच लक्षात ठेवायचं. दोघांनीही ते लक्षात ठेवलं. घोळ नेमका तिथंच झाला.

बायको कापडाच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लाकडी मीटरपट्टीनं कापड मोजायचं आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याचं माप काढायचं, असा तिचा दिनक्रम. हंगामापूर्वी मैदान नव्यानं आखायचं होतं त्या दिवशी मात्र दोघांत अबोला होता. पेंटरनं तिच्या चांगल्या पातेल्यात चुना कालवला होता. तरी ती मदतीला आली, कारण राग वेगळा आणि काम वेगळं, असं तिचं मत. पाण्याच्या टाकीकडच्या टोकाला गोलरेषेपासून अकरा मीटरवर पेनल्टीचा ठिपका मोजायचा होता. पेंटर गोलरेषेपाशी टेपचं कुरतडलेलं टोक धरून बसला. एरवी तो ओरडून सांगायचा, "बारावर बघ गं!" पण बोलणार कोण? तेव्हा त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि टोक रेषेच्या एक मीटर पुढं धरलं, म्हणजे तिनं अकरावर खूण केली तरी काम चोख. तिकडं बायकोनं विचार केला की या माणसाच्या काही लक्षात राहणार नाही, आपणच बारावर खूण करावी. तिनं खुंटी ठोकली आणि मान फिरवून दुकानात निघून गेली.

पलीकडच्या टोकाला पेंटरनं एकट्यानं मोजलं. ते बरोबर आलं.

अशा रीतीनं टाकीकडचा ठिपका अकराऐवजी बारा मीटरवर गेला, आणि पेंटर दर आठवड्याला त्याच खुणेवर इमानेइतबारे चुना फासत राहिला.

*

एरवी याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण त्या वर्षी क्लबनं देशाच्या कपात नाव दिलं होतं. या कपात लहानात लहान क्लबलाही मुभा असते. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, हरला तो घरी जातो, बरोबरी झाली तर सरळ पेनल्टी. क्लबमध्ये दोन प्लंबर, एक न्हावी, शाळेचा शिपाई वगैरे मंडळी होती. त्यांना गोल करता येत नसे. पण दहाच्या दहा जण आपल्याच गोलसमोर उभे राहिल्यानं गोल होऊही देत नसत. त्यामुळे बरोबरी हा त्यांचा हातखंडा होता.

आणि पेनल्टी कायम टाकीकडच्या टोकालाच व्हायच्या, कारण दुसऱ्या टोकामागं एका बाईंची रोपवाटिका होती. बाईंच्या कुंडीत पडलेला बॉल परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

गोलकीपर होता पेंटरचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहायला यांच्याच माडीवर. स्वभावानं इतका भिडस्त की दाराला धक्का लागला तर दाराला 'सॉरी' म्हणायचा. त्याला सगळे 'चाळण' म्हणायचे. का, ते त्याला गोलमध्ये पाहिलेल्यांना सांगावं लागत नसे.

पहिल्या फेरीत शेजारच्या शहरातल्या बस डेपोची टीम आली. शून्य-शून्य. मग पेनल्टी. क्लबची पोरं रोज याच टोकाला सराव करायची, त्यांच्या पायांना ते अंतर पाठ झालेलं. पाहुण्यांचे बॉल मात्र चाळणीपर्यंत येईतो दमायचे. चाळणीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी अडवलं, आणि अडवल्यावर बॉललाही सॉरी म्हणाला. शेवटची पेनल्टी त्यांच्या कॅप्टननं मारली. पिकलेल्या मिशांचा बस ड्रायव्हर, शेवटचा हंगाम. बॉल गोलवरून गेला आणि टाकीवर दाणकन आदळला.

सगळे चाळणीला उचलून नाचत होते. ड्रायव्हर तिथंच खाली बसला. त्यानं ठिपक्यावर हात ठेवला, गोलकडं पाहिलं आणि जवळ उभ्या असलेल्या पेंटरला हळूच म्हणाला, "हा लांब वाटतोय हो."

पेंटरला झोंबलं. कामात खोट काढली की त्याला झोंबायचंच. तो मोठ्यानं म्हणाला, "ठिपका आहे तिथंच आहे, काका. तुमचं वय झालंय."

लोक खो-खो हसले. पेंटरही हसला. ड्रायव्हरनं गुडघे झटकले आणि बसमध्ये जाऊन बसला, ड्रायव्हरच्या नव्हे, मागच्या सीटवर.

*

दुसरी फेरीही तशीच जिंकली. आता कुणी चाळण म्हणेना, सगळे 'भिंत' म्हणू लागले. भिंतीत फरक पडू लागला. ती ताठ चालू लागली. चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला एकदा चक्क म्हणाली, "ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही." त्या गिऱ्हाइकानं दुसरी फ्रेम घेतली आणि पुढच्या आठवड्यात आपल्या मुलीला घेऊन आलं. मुलीच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तरी मुलगी तीनदा डोळे तपासून गेली.

"अहो, आमच्या घरात कुणाला तरी कुणीतरी पसंत करतंय," बायको म्हणाली. "माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच."

"तुझ्या लग्नात कोण कुणाला पसंत पडलं होतं?"

"तेच म्हणतेय मी."

आणि मग टाकी गळू लागली. टाकीकडच्या टोकाला डबकं झालं, म्हणून एका संध्याकाळी सराव दुसऱ्या टोकाला घेतला. न्हाव्यानं मारला, गोल. प्लंबरनं मारला, गोल. शिपायानं बूट न घालता मारला, तोही गोल. भिंत एकही अडवू शकली नाही.

"भाऊजी, हे टोक मला मानवत नाही," घरी आल्यावर मेहुणा म्हणाला. "इथं बॉल जरा लवकर येतो."

'लवकर' हा शब्द पेंटरच्या कानात कुसळासारखा अडकला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो टेप घेऊन गेला. कुरतडलेलं टोक खिळ्यानं रेषेवर ठोकलं आणि टाकीकडच्या ठिपक्यापर्यंत चालत गेला. टेप म्हणाली, तेरा. खाल्लेला एक वजा केला. बारा. पुन्हा मोजलं. टेपला नवीन काही सांगायचं नव्हतं.

तो तिथंच बसला, जिथं ड्रायव्हर बसला होता तिथं, आणि त्याला तो पातेल्याचा दिवस लख्ख आठवला. टोक आपण पुढं धरलं. हिनं बारावर खूण केली असणार. दोघांनीही शहाणपणा केला होता. एकानं तरी मूर्खपणा केला असता, तर सगळं नीट झालं असतं.

सांगायला हवं होतं. तो सांगायलाच घरी आला. तर मेहुणा आरशासमोर उभा राहून भांग पाडत होता. त्यानं शीळ घातली. ज्या माणसानं आजवर शीळ घालायचीही परवानगी मागितली असती, त्यानं शीळ घातली. पेंटरनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "चहा घेतोस?"

उपउपांत्य सामना तसाच झाला. भिंतीनं तीन अडवल्या. फरक एवढाच की या वेळी पेंटरला माहीत होतं. समोरच्या टीमचा एक जण पेनल्टी चुकवून जर्सीत तोंड लपवून रडला, तेव्हा पेंटर पाणी आणायच्या निमित्तानं टाकीमागं गेला आणि तिथं बराच वेळ पाणी आणत राहिला. त्या रात्रीपासून त्याला जेवताना ताटातला भात गोल दिसायचा, पांढरा, आणि जरा लांब.

चिठ्ठी निघाली. उपांत्य सामनाही इथंच. पेंटरनं ठरवलं, आता कुणाला न सांगता ठिपका जागेवर आणायचा. झालं ते झालं, निदान यापुढं पाप नको. मेहुणा हरला तरी सरळ हरेल.

सामन्याच्या दिवशी पहाटे त्यानं जुना ठिपका खरवडला, वर हिरवळीचा तुकडा असा बसवला की कुणाला शिवण दिसू नये, आणि अकरा मीटरवर नवा ठिपका काढला. पाटी रंगवणारा हात होता, काम देखणं झालं. बऱ्याच दिवसांनी त्याला पोटभर न्याहारी गेली.

*

शून्य-शून्य. टीव्हीवाले आले होते आणि उत्तरार्धातच कॅमेरे आवरू लागले होते. मग पेनल्टीची वेळ झाली आणि त्यांनी पुन्हा काढले.

पंच ठिपक्यापाशी आला. त्यानं ठिपक्याकडं पाहिलं, गोलकडं पाहिलं, पुन्हा ठिपक्याकडं पाहिलं. पण कॅमेरे लागले होते, लोक टाकीवर चढले होते, आणि मैदानाची मापं काढत बसणारा पंच म्हणून टीव्हीवर दिसायची त्याची इच्छा नसावी. त्यानं शिट्टी वाजवली.

पाहुण्यांच्या पहिल्या खेळाडूनं मारला. मेहुण्यानं नेहमीसारखा क्षणभर दम धरला आणि झेप घेतली. त्यानं झेप घेतली तेव्हा बॉल जाळीत विसावून थंड झाला होता. दुसरा, तसाच. तिसऱ्याला मेहुणा जमिनीवरून उठलाच नाही.

पेंटर डोळे बारीक करून बघत होता. आपण अकरावर आणला होता. मग हा खेळाडू गोलकीपरशी कानगोष्ट करायला आल्यासारखा का दिसतोय?

त्यानं मान वळवली. दोन रांगा सोडून बायको उभी होती. तिच्या पिशवीतून दुकानाची लाकडी मीटरपट्टी बाहेर डोकावत होती. पट्टीच्या टोकाला चुना लागलेला होता.

तिनंही त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या नखांतल्या चुन्याकडं.

"तुम्ही?" ती ओठांनीच म्हणाली.

"तू?" तो म्हणाला.

तिलाही भावाच्या 'लवकर'वरून उलगडा झाला होता. तिनंही तितकेच दिवस गिळून ठेवलं होतं. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन, ठिपका होता तिथून पट्टी टाकून, गोलच्या दिशेनं बरोब्बर एक मीटर पुढं आणला होता. कापड मोजणारा हात होता. सुताचाही फरक नव्हता. ठिपका आता दहा मीटरवर होता.

शेवटी आपल्या न्हाव्यानं बॉल खांबाला मारला आणि क्लब पाच-चारनं हरला. टाकीवरून कुणीतरी ओरडलं, "अरे चाळण, घरी जा, पीठ चाळ!" सगळी टाकी हसली.

*

मेहुण्यानं हातमोजे माडीवरच्या खिडकीत ठेवले आणि खाली यायचं सोडलं. चष्म्याच्या दुकानात मुलगी डोळे तपासायला आली तर म्हणे हा स्टोअररूममध्ये जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात त्याचा खांदा दाराला लागला. "सॉरी," तो दाराला म्हणाला.

स्वयंपाकघरात बायकोनं हातातला चमचा खाली ठेवला. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"त्याला सांगा, त्याच्या हातांचा दोष नाही. ठिपका जवळ होता."

"मग तो विचारेल, आधीचा कुठं होता?"

तिढा तोच होता. हार तुझी नाही म्हणायचं, तर जीतही तुझी नव्हती म्हणावं लागणार. जीत काढून घेतल्याशिवाय हार काढता येत नव्हती.

"अर्धं सांगता नाही का येणार?" ती म्हणाली.

"अर्धं-अर्धं सांगूनच इथवर आलोय आपण. तू तुझं अर्धं, मी माझं अर्धं."

मेहुण्याला खाली बोलावलं. टेप आणि मीटरपट्टी टेबलावर ठेवली, एखाद्या खटल्यात ठेवतात तशी. पेंटरनं पातेल्यापासून सुरुवात केली. मध्येच बायको म्हणाली, "पातेलं चांगलं होतं हो ते," आणि मग तिला रडू फुटलं. मेहुण्यानं सगळं ऐकून घेतलं. टेपचं कुरतडलेलं टोक हातात घेऊन पाहिलं.

"म्हणजे मी भिंत नव्हतो."

"नाही रे बाबा."

"आणि चाळणही नाही."

"तेही नाही."

"मग आहे काय मी?"

याचं उत्तर टेपमध्ये नव्हतं. त्यानं टोक टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "भाऊजी, त्या ड्रायव्हरकाकांना कुणी सांगितलं?"

पेंटर गॅसवरच्या भाताकडं बघत बसला.

"तुम्ही त्यांना म्हणाला होतात, वय झालंय. मी ऐकलं होतं. मीही हसलो होतो. आयुष्यात मी कुणाला हसलो नव्हतो, भाऊजी. मला वाटलं, आता मला चालतंय."

*

रविवारी तिघं शेजारच्या शहरात गेले आणि त्या ड्रायव्हरची बस शोधून बसले. पेंटरनं पुढची सीट धरली. काचेवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : बस चालू असताना चालकाशी बोलू नये. पेंटरनं आयुष्यात शेकडो पाट्या रंगवल्या होत्या, पण एवढ्या मनापासून एकही वाचली नव्हती. ड्रायव्हरनं आरशातून एकदा त्याच्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि सगळा रस्ता समोर बघत राहिला. पेंटरला वाटलं, शेवटचा थांबा येऊच नये. पण ड्रायव्हर वक्तशीर होता.

बस रिकामी झाली. इंजिन बंद झालं. आता पाटीचा आधार उरला नाही.

"काका, ठिपका लांब होता," पेंटर म्हणाला.

"किती?"

"एक मीटर."

"मी बोललो होतो."

"हो."

"तुम्ही काय म्हणाला होतात?"

पेंटरनं बायकोकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "तुमचं वय झालंय, म्हणालो होतो."

"मोठ्यानं म्हणाला होतात."

"मोठ्यानं."

ड्रायव्हर उठला. सीटखाली वाकून त्यानं एक बॉल काढला, डांबरावर घासून पांढरा पडलेला. "रोज फेऱ्यांच्या मध्ये इथं मारतो," तो म्हणाला. "त्या दोन खांबांमध्ये. इथं जातात. म्हटलं, मग तिथं का नाही गेला? गुडघ्याचा फोटो काढला. डोळे तपासले. बायको म्हणाली, आता खेळणं सोडा, लोक हसतात. सोडलं." त्यानं तिघांकडं पाहिलं. "माफीबिफी राहू द्या. टेप आणलीय का?"

टेप आणली होती. पट्टीही आणली होती. पेंटर खांबांच्या रेषेवर गुडघे टेकून बसला.

"टोक बरोब्बर रेषेवर धरलंय!" तो ओरडला. "पुढं-मागं काही केलेलं नाही! तू बारावर बघ!"

"बारावर बघतेय!" ती तिकडून ओरडली. "तुम्ही काही वाढवू नका!"

"नाही वाढवत!"

"शप्पथ?"

"अगं शप्पथ!"

थांब्यावरचे प्रवासी घड्याळं बघायचं विसरले. मेहुणा शर्टाच्या बाह्या दुमडून डांबरावर उभा राहिला, हातमोजे न घालता. ड्रायव्हरनं पाच मारल्या. तीन गेल्या, दोन मेहुण्यानं अडवल्या. कोपरं सोलवटली, पण कुणाला सॉरी म्हणाला नाही. ड्रायव्हरनं बॉल काखेत घेतला आणि मेहुण्याचं कोपर उलटंपालटं करून बघितलं.

"ठीक आहेस," तो म्हणाला. "फार नाही. पण ठीक आहेस."

मेहुणा हसला. भिंत म्हटल्यावर असा हसला नव्हता. ड्रायव्हर मात्र हसला नाही. पेंटरनं पुढं होऊन हात पुढं केला. ड्रायव्हरनं त्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाला, "बसा. उशीर झालाय."

परतीची फेरी त्यांच्या गावावरून होती, आणि वाटेत कुणी बोललं नाही. पाटी होतीच. गावाचा थांबा आला, बस हळू झाली, थांब्याचा खांब खिडकीजवळ आला, खांब मागं गेला, आणि मग बस थांबली. दार उघडलं. दाराखाली उघडं गटार होतं. थांब्याची फरशी मागं राहिली होती. बायकोनं सवयीनं नजरेनंच माप घेतलं. एक मीटर. सुताचाही फरक नव्हता.

पेंटरनं आरशात पाहिलं. ड्रायव्हर समोर बघत होता.

"थोडी मागं घ्या म्हणा ना," बायको कुजबुजली.

"नको," पेंटर म्हणाला, आणि चांगल्या बुटांनिशी गटारात उतरला.